प्रिंटरमध्ये कागद का अडकतो?

अर्जाच्या अखेरच्या दिवशी छायाचित्र छापताना कागद अडकला, तर ग्राहकाची संधी हुकू शकते. इंकजेट प्रिंटरमधील रबरी रूळ घर्षणाने एकेक कागद आत ओढतो. बंगळुरूच्या सर्जापूर रोडसारख्या वर्दळीच्या रस्त्यालगतच्या दुकानात रुळावर धूळ साचते. मग पकड सुटून रूळ जागीच फिरतो. पावसाळ्यातील दमट हवेने कागद वाकतात किंवा परस्परांना चिकटून दोन एकदम आत जातात.

अडकलेला कागद हिसकू नये. फाटलेला तुकडा आत राहिल्यास बिघाड वाढतो. वीज बंद करून तो दोन्ही हातांनी हळूहळू ओढावा. किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने रूळ पुसून वाळू द्यावा. साधा कागद दर चौरस मीटरला सुमारे ७५ ग्रॅम भरतो, तर छायाचित्राचा अनेकदा २०० ग्रॅमहून अधिक. म्हणून असे कागद एका वेळी थोडेच ठेवावेत. उरलेले बंद पिशवीत सांभाळावेत.