हरळी म्हणा, दूर्वा म्हणा, नाहीतर लॉन म्हणा!

आपल्याकडे ‘लॉन्स’ म्हटलं की डोळ्यांपुढे गवत येत नाही, पंगत येते. हायवेवरचं अमुक लॉन्स, बायपासवरचं तमुक लॉन्स. तिथे बासुंदी असते, डीजे असतो, गाड्या लावायला ऐसपैस जागा असते. गवत असलंच तर खुर्च्यांखाली चेंगरलेलं असतं. पण ज्यांच्या दारापुढे चार हात मोकळी जमीन आहे, त्यांना हवं असतं ते अनवाणी चालता येईल असं खरंखुरं लॉन. अशा हौशी मंडळींसाठी हा बारमाही चिवडा. थोडी गंमत, थोडी माहिती, आणि उद्या सकाळीच बागेत करून बघता येतील अशा काही युक्त्या.

आधी गवताची ओळख

एक गवत, तीन भाव. शेतात उगवली की ती हरळी, आणि शेतकरी कपाळाला हात लावतो. गणपतीपुढे ठेवली की दूर्वा, आणि आपण हात जोडतो. नर्सरीत पोचली की ‘बर्म्युडा ग्रास’, आणि आपण खिशात हात घालतो! वनस्पती एकच: सायनोडॉन डॅक्टिलॉन. सायनोडॉनचा ग्रीक अर्थ ‘कुत्र्याचा दात’. आणि बर्म्युडा बेटं काही तिचं माहेर नव्हेत, तिथे ती बाहेरूनच गेली.

नंबर एक विरुद्ध नंबर दोन. १९७७ साली लेरॉय होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. यादीत पहिला आला लव्हाळा. दुसरी आली आपली हरळी. म्हणजे लॉनमध्ये लव्हाळा घुसला म्हणून तुम्ही कावता, तेव्हा प्रत्यक्षात जगातलं दोन नंबरचं तण वाचवण्यासाठी एक नंबरच्या तणाशी झुंजत असता. लव्हाळा नुसता ओढून उपयोग नाही. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते. खुरप्यानं गाठीसकट काढा. पुरात तो का तगतो, हे तुकोबांनी सांगून ठेवलंय. लॉनमध्ये का तगतो, ते या गाठींत आहे.

डोकं छाटलं तरी वाढतंच. झाडाची फांदी शेंड्याकडून वाढते. गवताच्या पात्याचं वाढीचं ठिकाण असतं खाली, जमिनीलगत. म्हणून वरून शेळीनं खाल्लं काय किंवा यंत्रानं कापलं काय, ते पुन्हा वर येतं. फक्त एक पथ्य पाळा: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. तीन इंच असेल तर दोन इंचांवर थांबा. त्याहून खोल कापलं की मुळं उपाशी पडतात. ऊस, ज्वारी, भात आणि बांबू हे सगळे गवताचेच भाऊबंद. लॉनवर बसून भाकरी खाल्लीत तर गवतावर बसून गवत खाल्लं म्हणायचं.

लोकरीची हजामत, गवताची हजामत. लॉन कापायचं यंत्र इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगनं १८३० मध्ये काढलं. कल्पना कुठून आली? लोकरी कापडावरची लव समान कापणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून. त्याआधी विळे होते, नाहीतर मेंढ्या. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्यांचा कळप सोडला. गवतही कापलं गेलं, आणि लोकर लिलावात विकून पैसा रेडक्रॉसला गेला.

पट्टे रंगवलेले नसतात. टीव्हीवर क्रिकेट बघताना मैदानावर गडद-फिकट पट्टे दिसतात ना? गवत एकाच रंगाचं असतं. रोलरनं एका पट्ट्यातली पाती आपल्यापासून दूर वाकवलेली असतात, शेजारच्या पट्ट्यातली आपल्याकडे. दूर वाकलेली पाती उजेड जास्त परतवतात, म्हणून फिकट दिसतात. घरच्या लॉनवरही दर वेळी दिशा बदलून कापा. पट्टे उमटोत न उमटोत, पाती एकाच बाजूला लोळणार नाहीत.

तो वास म्हणजे बोंब! ताज्या कापलेल्या गवताचा वास आपल्याला प्रसन्न वाटतो. गवताच्या बाजूनं बघाल तर ती जखमेतून उडालेली रसायनं असतात. अळीनं पान कुरतडलं की अनेक वनस्पती असाच वास सोडतात, आणि तो हुंगत अळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्या हजर होतात.

पावसाळा: बागेची दिवाळी

मृद्गंधाचा धनी. पहिल्या सरीच्या वासात मोठा वाटा असतो जिओस्मिनचा. हे रसायन तयार करतात मातीतले स्ट्रेप्टोमायसीस नावाचे सूक्ष्मजीव. माणसाचं नाक या वासाला इतकं तिखट, की अब्जावधी कणांत त्याचे चार-दोन कण असले तरी कळतं. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी या वासाला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजच्या अत्तरवाल्यांनी तोवर तो केव्हाच कुपीत भरला होता.

लावणीचा मुहूर्त. लॉन नव्यानं करायचं असेल तर जूनच्या आधी जमीन खणून, दगड-गाठी वेचून, शेणखत मिसळून सपाट करा. थोडा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. पाऊस स्थिरावला की हरळीच्या मुळासकट काड्या वीतभर अंतरावर टोचा. पाणी घालायचं काम ढगांकडे. एवढं मात्र पाळा: ओल्या लॉनवर यंत्र फिरवू नका. माती घट्ट दबते आणि मुळांचा श्वास कोंडतो.

पोटात पाय, तोंडात रोप. पावसात कुंडीवर चढणारी ती मोठी तपकिरी गोगलगाय आपल्या मातीतली नव्हे. आफ्रिकन गोगलगाय १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रज शंख-अभ्यासकानं मॉरिशसहून कोलकात्याला आणली. तिथून तिचा संसार एवढा वाढला, की २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं तिनं साफ केली. घरच्या बागेत सोपा उपाय: संध्याकाळी ओलं गोणपाट पसरा. पहाटे सगळ्या त्याखाली गोळा झालेल्या सापडतात. हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. लॉनवर मीठ फेकू नका. गोगलगायीबरोबर गवतही जाईल.

दिवा मालवा, काजवा बोलवा. काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात! पण काजवे जोडीदाराला खुणावतात उजेडानं, आणि आपला रात्रभर जळणारा फ्लडलाइट त्या खुणा पुसून टाकतो. गावाबाहेर घर असेल तर जूनमध्ये बागेतले दिवे लवकर बंद करा आणि औषधांची फवारणी थांबवा.

सावलीत काय लावू? हरळीला ऊन हवं, झाडाखाली ती विरळ होत जाते. तिथे हट्ट सोडा आणि सोनटक्का लावा. ओल आवडते, सावली चालते, पावसाळ्यात घमघमतो. आणि गंमत म्हणजे कोकणातल्या परसात फुलणारा हा सोनटक्का क्युबाचं राष्ट्रीय फूल आहे.

तीन दिवसांचा रंग, एका क्षणाची उडी. तेरड्याचे रंग तीन दिवस, हे खरंच. पण त्याचं बोंड पिकलं की बोट लावताच फट्‌कन उलगडतं आणि बी दूर फेकतं. एकदा लावलात की पुढच्या वर्षी गौरींच्या आधी तो आपला आपण उगवतो. वाळलेल्या अबोलीच्या बोंडावर पाण्याचा थेंब टाकून बघा, तिथेही तसाच फटाका! नाव अबोली, पण निरोप खणखणीत.

बिनबुलाया पाहुणा. काँग्रेस गवत भारतात तण म्हणून पहिल्यांदा नजरेत भरलं ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. परदेशी धान्यातून आलं असं मानतात. हातमोजे घालून, फुलण्याआधी, मुळासकट उपटा. फुललं की एकेक झाड हजारो बिया टाकतं. जागा मोकळी ठेवू नका, टाकळा वाढू द्या, तो त्याला दाबतो. कोवळ्या टाकळ्याची भाजी होते, हा वरचा नफा.

रविवारची ताटली. कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंड्यापासून पंखांपर्यंत आठ-दहा दिवसांत पोचतो. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा आणि सगळ्या ताटल्या ओता. नुसत्या ओतू नका, घासा; कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात.

हिवाळा: फुलांचा हंगाम

शेवंतीला अंधार लागतो. शेवंती फुलते ती रात्र लांबली की. व्हरांड्यातल्या दिव्याखाली कुंडी ठेवलीत तर तिला वाटतं अजून उन्हाळाच आहे, आणि ती नुसती पानं काढत बसते. फुलत नाही म्हणून खत वाढवण्याआधी कुंडी अंधारात सरकवा.

ऑक्टोबरची कात्री. पाऊस ओसरला की गुलाबाची छाटणी. साधारण दीड-दोन महिन्यांत नवी फूट फुलांनी भरते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, तिथल्या गुलाबांमागेही अशी कात्रीची तारीख असते.

झेंडू: वर तोरण, खाली पहारा. दसऱ्याला दारावर चढणारा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. त्याच्या मुळांतून निघणारं द्रव्य मातीतल्या सूत्रकृमींना घातक असतं. टोमॅटो-वांग्याच्या वाफ्यात झेंडूची रांग उगाच लावत नाहीत.

तो थेंब दवाचा नव्हे. सकाळी गवताच्या अगदी टोकावर मोत्यासारखा एकेक थेंब दिसतो. दव पात्यावर सगळीकडे बसतं. टोकावरचा हा थेंब गवतानंच आतून बाहेर ढकललेला असतो.

पिवळं म्हणजे मेलेलं नव्हे. नाशिक-निफाडकडे किंवा विदर्भात थंडी कडक पडली की हरळी तपकिरी होते. ती झोपलेली असते. झोपलेल्याला खत भरवू नका, पाणीही बेतानं द्या.

उन्हाळा: हिशोबाचे दिवस

लाड कमी, फुलं जास्त. बोगनवेलीला पाणी कमी केलं की ती भरभरून फुलते. तिचा गुलाबी-केशरी साज पाकळ्यांचा नसतो, तो रंगीत पानांचा. खरं फूल मधलं इवलंसं पांढरं. नाव मिळालं फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हीलवरून. त्याच्या मोहिमेत वनस्पती गोळा करणाऱ्या कॉमर्सनची मदतनीस जान बारे पुरुषाच्या वेशात वावरत होती, आणि पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली.

मे महिन्याचे दोन मानकरी. साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिवस साजरा होतो. त्याच महाराष्ट्र दिनाच्या सुमारास फुलतं आपलं राज्यफूल, ताम्हण. घराजवळ एकच झाड लावायला जागा असेल तर ताम्हण लावा. गुलमोहर देखणा खरा, पण मुळं उथळ आणि फांद्या ठिसूळ. वळवाच्या वादळात तो रस्त्यावर आडवा होतो.

लॉनची तहान. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. ५०० चौरस फुटांच्या लॉनला उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर द्यायचं तर दिवसाला सुमारे २३० लिटर, महिन्याला ७,००० लिटर. आता दुसरी बाजू: पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर त्याचं होतं जवळपास ६५,००० लिटर! ते गटारात सोडून मे महिन्यात टँकर मागवणं हा उलटा व्यवहार झाला.

आजीची मोरी, आजचं शास्त्र. मोरीच्या पाण्यावर आळू, केळ आणि कर्दळ लावायची आपली जुनी रीत. सांडपाणी वनस्पतींच्या मुळांतून गाळण्याच्या आधुनिक प्रकल्पांतही कर्दळ हमखास असते. रोपांसाठी दुसरी स्वस्त युक्ती मटका सिंचनाची: न भाजलेलं नव्हे, भाजलेलं पण झिलई नसलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि भरून ठेवा. माती हवं तेवढं पाणी ओढून घेते. ही पद्धत दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथातही आहे.

जाता जाता

अमेरिकेत उपग्रहांच्या मदतीनं केलेल्या २००५ च्या एका अंदाजानुसार तिथलं लॉन सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटर भरतं. महाराष्ट्र आहे ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा. म्हणजे अर्ध्याहून जास्त महाराष्ट्र नुसत्या लॉनखाली! आपल्याला ते परवडायचं नाही आणि गरजही नाही. पुण्यातली सारसबाग आठवा: जिथे आज लोक हिरवळीवर भेळ खातात, तिथे पेशवाईत तळं होतं. आपल्या मुलखात पाण्याची जागा गवत घेतं, हा विनोद तिथवरच बरा.

तेव्हा लॉन ठेवा सतरंजीएवढं, मुलं लोळतील इतपत. बाकीचं अंगण तेरडा, झेंडू, शेवंती यांना त्यांच्या-त्यांच्या हंगामात भाड्यानं द्या. आणि मे महिन्यात गवत वाळलं म्हणून ते उपटून नवं आणायला नर्सरीत धावू नका. ती हरळी आहे. दोन सरी पडू द्या.