आडनाव पेणकर, मुक्काम इस्रायल!

व्हिसा, विमान, ऑनसाइट. आपल्या पिढीचा परदेश म्हणजे एवढाच. बॅगेत भाजणी, मेतकूट आणि लोणच्याची बरणी कोंबली की झालं मराठीपण पॅक! पण तिकडे गेल्यावर ते किती पिढ्या टिकतं? न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीच्या लेकीला मराठी छान कळतं. उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. मग ज्यांच्या तिकडे दोन-तीन पिढ्या झाल्या, त्यांचं काय झालं असेल?

त्यासाठी मी पाहिलं इस्रायलकडे. दचकू नका. तिथल्या दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा या शहरांत आपल्या कोकणातून गेलेली माणसं आहेत. बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू.

तेलाचा घाणा ते तेल अविव

त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. पुढे त्यांनी तेलाचे घाणे टाकले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणू लागले 'शनिवार तेली'. आडनावं गावांवरून पडली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे केहीमकर. सातारा रोडवरच्या आमच्या कामथडीला वस्ती केली असती तर कामथडीकरही झाले असते!

१९४८ मध्ये इस्रायल झालं आणि पुढच्या दोन दशकांत समाजातले बहुसंख्य तिकडे गेले. इथे कुणी छळलं म्हणून नव्हे, तर धर्माची ओढ आणि नव्या आयुष्याची आशा म्हणून.

पण तिकडे पायघड्या नव्हत्या. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं, की बेने इस्रायलांचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी त्यांची वंशावळ तपासा. शेकडो वर्षं शनिवार पाळणाऱ्यांना 'तुम्ही नक्की ज्यू ना?' असं विचारण्यासारखंच हे! १९६४ मध्ये ही मंडळी जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसली. संसदेनं त्यांची बाजू घेतली आणि फर्मानातून त्यांचं नाव काढावं लागलं.

पोहे जिंकले!

ज्या लग्नांसाठी ते भांडले, त्या लग्नांत आजही कोकण दिसतं. आदल्या रात्री मेंदी असते. शुभकार्याला मलिदा असतो, म्हणजे ओलं खोबरं घातलेले गोड पोहे आणि सोबत फळं. हे ताट एलियाहू प्रेषिताच्या नावानं मांडतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावात त्याच्या घोड्याच्या टापेची खूण खडकावर आहे, अशी त्यांची श्रद्धा. ज्यूंच्या नववर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तोही नारळाच्या दुधात. मटणाबरोबर दूध चालत नाही, म्हणून रश्शालाही नारळच.

आणि भाषा? बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं करणारा हा समाज. इस्रायलमध्येही १९८०च्या दशकात त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक सुरू केलं. तरीही तिथे जन्मलेली मुलं हिब्रूत बोलू लागली. शाळा हिब्रू, सैन्य हिब्रू, मित्रमैत्रिणीही हिब्रू. मराठी उरली ती आजी-आजोबांपुरती.

मला यातून एक गोष्ट कळली. मलिदा टिकला, कारण त्याच्याशिवाय घरातलं शुभकार्य पुरं होत नाही. मराठीला मात्र तिच्याशिवाय अडेल असं कामच उरलं नाही. भाषेवर नुसतं प्रेम असून भागत नाही, तिला घरात काम द्यावं लागतं. मावसबहिणीला मी तेच सुचवलंय. रविवारचा आजीचा फोन लेकीनंच घ्यायचा आणि पुरणपोळीचं प्रमाण तिनंच विचारून लिहून घ्यायचं. आजीला इंग्रजी येत नाही, हे किती बरं!

पुण्यातच पाहा

रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो हे बेने इस्रायलांचं प्रार्थनास्थळ १९२१ चं. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड, बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं आणि ते १८६७ मध्ये पूर्ण झालं. आत जायचं तर परवानगी आधी घ्या. आणि हो, शनिवारी नको!