सागरी जलजीवालयातील लवणजल
सागरी जलजीवालयातील लवणजल : सागरी मासे, प्रवाळ, समुद्रपुष्पे, तारामीन इ. प्राणी काचपात्रात जिवंत ठेवण्यासाठी गोड्या पाण्यात योग्य लवणे ठराविक प्रमाणात विरघळवून तयार केलेले कृत्रिम समुद्रजल. समुद्रापासून दूर राहणाऱ्या हौशी पालकास नैसर्गिक समुद्रजल सहजी मिळत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यासही ते नेहमी उपयोगी पडतेच असे नाही. बंदरे व मोठ्या शहरांजवळचे पाणी सांडपाण्याने व तेलाने दूषित झालेले असते. तसेच कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे खाड्यांच्या मुखाजवळील पाण्याची लवणता फार घटते. म्हणून घरगुती सागरी जलजीवालयात बहुधा कृत्रिम लवणजलच वापरतात.

समुद्रजलाचे संघटन : सरासरी समुद्रजलाच्या १ किग्रॅ. मध्ये सु. ३५ ग्रॅ. लवणे असतात. यांपैकी क्लोराइड सु. १९·४ ग्रॅ., सोडियम १०·८ ग्रॅ., सल्फेट २·७ ग्रॅ., मॅग्नेशियम १·३ ग्रॅ., कॅल्शियम ०·४१ ग्रॅ. व पोटॅशियम ०·४० ग्रॅ. असते. बायकार्बोनेट, ब्रोमाइड, बोरॉन, स्ट्राँशियम व फ्ल्युओराइड ही अल्प प्रमाणात असतात. लवणतेत स्थलपरत्वे फरक पडतो. तांबड्या समुद्रात ती सु. ४० असते, अरबी समुद्राच्या पृष्ठभागी सु. ३६ असते, तर मोठ्या नद्यांचे पाणी मिळणाऱ्या बंगालच्या उपसागरात ती बरीच कमी असते. तथापि खुल्या समुद्रात प्रमुख घटकांचे परस्परांशी असलेले प्रमाण जवळजवळ स्थिर राहते. ही गोष्ट आलेक्सांडर मार्सेट यांनी १८१९ मध्ये सुचविली होती. ‘चॅलेंजर’ या जहाजाने १८७२–७६ या सफरीत गोळा केलेल्या नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांचे विश्लेषण करून विल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये तिला भक्कम आधार दिला. या तत्त्वामुळेच एका गुणधर्माच्या मापनावरून संपूर्ण लवणता ठरविता येते.

मिठागरातील मीठ पाण्यात विरघळविले असता समुद्रजल का होत नाही, याचे उत्तरही या संघटनात आहे. समुद्राचे पाणी उन्हात आटू लागले की, प्रथम कॅल्शियम कार्बोनेट, नंतर जिप्सम व त्यानंतर सोडियम क्लोराइड स्फटिकरूपाने वेगळे होते. मॅग्नेशियम व पोटॅशियम यांची बरीचशी लवणे ‘बिटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कडवट पाण्यात मागे राहतात. म्हणजेच आगरातून निघालेले मीठ हा समुद्राचा केवळ एक भाग होय. शिवाय खाण्याच्या मिठात ते मोकळे राहावे म्हणून इतर पदार्थ मिसळलेले असतात. अशा मिठाच्या द्रावात कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट यांची उणीव राहत असल्याने प्रवाळांना सांगाडा बांधता येत नाही व इतर प्राणीही फार काळ जगत नाहीत.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जलजीवालयाचा छंद वाढला. लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात १८५३ मध्ये सार्वजनिक जलजीवालय सुरू झाले. निसर्गवैज्ञानिक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड या चार लवणांपासून समुद्रजल बनवून त्यात सागरी जीव व शैवले ठेवण्याचे प्रयोग केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्व प्रमुख व काही लेश घटक असलेली तयार मिश्रणे बाजारात आली आणि समुद्रापासून शेकडो किमी. दूर असलेल्या घरांतही सागरी जीव पाळणे शक्य झाले.

लवणतेचे जैव महत्त्व : सागरी अस्थिमत्स्यांच्या रक्तातील लवणांचे प्रमाण समुद्रजलाच्या सु. एक-तृतीयांश असते. त्यामुळे तर्षणाने त्यांच्या शरीरातील पाणी सतत बाहेर जाते. ही तूट भरून काढण्यासाठी ते समुद्राचे पाणी पितात व जादा लवणे मुख्यत्वे क्लोमांतील विशिष्ट कोशिकांद्वारे बाहेर टाकतात. याकरिता त्यांना ऊर्जा खर्च करावी लागते. प्रवाळ, तारामीन, समुद्री अर्चिन इ. अपृष्ठवंशी प्राण्यांना अशी नियमन-यंत्रणा जवळजवळ नसते. बाहेरील पाण्याची लवणता बदलली की, त्यांच्या शरीरद्रवांचीही बदलते. म्हणून एखादे मूल्य अचूक गाठण्यापेक्षा ते स्थिर ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे व लवणतेतील आकस्मिक बदल हे मृत्यूचे एक कारण ठरते. प्रवाळ असलेल्या पात्रात लवणता साधारणतः ३५ च्या आसपास ठेवतात.

मापन : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लवणता मुख्यतः सिल्व्हर नायट्रेटाच्या अनुमापनाने क्लोराइडाचे प्रमाण काढून ठरवीत. १९७८ च्या व्यावहारिक लवणता श्रेणीत ती विद्युत् संवाहकतेच्या गुणोत्तरावरून ठरवितात व त्यामुळे तिला एकक नसते. घरगुती वापरात तीन साधने आढळतात.

(१) घनतामापक : काचेचा तरंगता हायड्रोमीटर स्वस्त व विश्वसनीय असतो, मात्र त्यावर नोंदलेले तापमान पाहणे अत्यावश्यक आहे. २५° से. ला ३५ लवणतेच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याच्या तुलनेत १·०२६४ असते. परंतु १५·६° से. साठी आखलेला हायड्रोमीटर त्याच पाण्यात सु. १·०२४ दाखवितो. हे न जाणता तो १·०२६४ दाखवीपर्यंत लवण घालत गेल्यास प्रत्यक्ष लवणता सु. ३८ होते. उपकरण निर्दोष असून चूक होते ती अशी. नमुना स्थिर असावा, काचेवर हवेचे बुडबुडे चिकटलेले नसावेत व वाचन पाण्याच्या सपाट पातळीवर घ्यावे, कडेला वर चढलेल्या भागावर घेऊ नये.

(२) प्रणमनांकमापक : यास पाण्याचे एक-दोन थेंब पुरतात. पुष्कळ उपकरणे मुळात सोडियम क्लोराइडाच्या द्रावासाठी आखलेली असतात. ३५ लवणतेच्या समुद्रजलास ती सु. ३६·५ दाखवितात. केवळ ऊर्ध्वपातित पाण्याने शून्य जुळविल्यास हा दोष दूर होत नाही. यासाठी ३६·५ ग्रॅ. शुद्ध व कोरडे सोडियम क्लोराइड ९६३·५ ग्रॅ. ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून प्रमाण द्राव करतात. त्याचा प्रणमनांक ३५ लवणतेच्या समुद्रजलाइतका असल्याने उपकरण त्यावर ३५ ला जुळवून घेता येते.

(३) संवाहकतामापक : २५° से. ला ३५ लवणतेच्या पाण्याची संवाहकता सु. ५३ मिलिसीमेन्स प्रती सेंमी. असते. तापमान एक अंशाने वाढल्यास ती सु. २ टक्क्यांनी वाढते, म्हणून तापमान-दुरुस्तीची सोय असलेले उपकरण निवडतात. विद्युत् अग्रांवर पुटे चढू न देणे आवश्यक असते.

मिश्रण : नळाच्या पाण्यातील क्लोरीन क्लोमांस घातक असते. ते सोडियम थायोसल्फेटाने घालविता येते. परंतु नळातून येणारे तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना अत्यल्प प्रमाणातही मारक असते आणि नायट्रेट व फॉस्फेट यांमुळे शैवले माजतात. म्हणून प्रतितर्षण व आयन-विनिमय यांनी शुद्ध केलेले पाणी श्रेयस्कर होय. भांडे खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लॅस्टिकचे असावे, धातूचे नसावे.

३५ लवणतेसाठी दर लि. शुद्ध पाण्यास सु. ३६ ग्रॅ. निर्जल लवणे लागतात. बाजारी मिश्रणांत स्फटिकजल व आर्द्रता असल्याने प्रत्यक्षात सु. ३८ ते ४० ग्रॅ. घ्यावे लागतात. मिश्रण मापाने न घेता वजन करून घ्यावे, कारण दमट हवेत ते पाणी शोषून घेते. प्रथम पाणी भरून पंपाने ते खेळते ठेवतात व त्यात लवण थोडेथोडे टाकतात. कोरड्या लवणावर पाणी ओतल्यास तळाशी अतिसंहत द्राव होऊन कॅल्शियम कार्बोनेटाचा पांढरा साका बसतो व तो पुन्हा सहज विरघळत नाही. साधारणतः एक दिवस पाणी ढवळते व हवेच्या संपर्कात ठेवल्यास ते निवळते आणि पीएच मूल्य ८·१ ते ८·३ पर्यंत स्थिरावते. त्यानंतर तापमान जलजीवालयाइतके करून लवणता मोजतात. ताज्या, गढूळ मिश्रणाचे मापन भरवशाचे नसते. प्राणी असलेल्या पात्रात कोरडे लवण कधीही टाकू नये.

९० × ४५ × ४५ सेंमी. मापाच्या पात्राचे घनफळ सु. १८२ लि. होते, परंतु वाळू, खडक व वरची रिकामी जागा वजा जाता पाणी त्याहून बरेच कमी मावते. म्हणून पहिल्यांदा भरताना पाणी मोजूनच ओततात व तो आकडा नोंदवून ठेवतात.

राखण : बाष्पीभवनाने केवळ पाणी जाते, लवणे मागे राहतात. १८० लि. पाण्यातून ९ लि. उडून गेल्यास लवणता ३५ वरून सु. ३६·८ होते. ही तूट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरून काढावी लागते. रोज २ लि. घट होत असता ती लवणजलाने भरल्यास महिनाभरात लवणता सु. ४६ पर्यंत चढते. पातळी नेहमी सारखी दिसत असल्याने हा धोका नजरेस येत नाही. याकरिता पात्रावर पातळीची खूण करून रोज त्या खुणेपर्यंत गोडे पाणी घालतात. याउलट सांडून वा काढून टाकलेल्या पाण्याची भरपाई मात्र समान लवणतेच्या लवणजलाने करतात.

लवणता वाढल्यास काढावयाच्या पाण्याचे प्रमाण सोप्या गणिताने मिळते : चालू लवणतेतून इच्छित लवणता वजा करून बाकीस चालू लवणतेने भागावे. ३८ वरून ३५ वर येण्यासाठी ३/३८, म्हणजे १८० लि. पैकी सु. १४ लि. पाणी काढून तेवढेच गोडे पाणी घालावे लागते. हा बदल एकदम न करता काही दिवसांत विभागून करतात. नवीन प्राणी आणल्यावर त्याच्या पिशवीतील पाण्याची लवणताही मोजतात व फरक असल्यास जलजीवालयाचे पाणी त्यात थेंबाथेंबाने मिसळून प्राण्यास हळूहळू सरावू देतात.