दलदलीतील ‘जीवनवृक्ष’ आणि आपली मोरपंखी

गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांना वनस्पतींची नावे व रूपे ठाऊक असतात. परंतु तेवढ्यावरून औषधयोजना करता येत नाही, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. ‘थुजा’ या द्रव्याचा विचार करताना आम्हांस याचे प्रकर्षाने स्मरण होते.

थुजा ऑक्सिडेंटॅलिस हा सूचिपर्णी वृक्ष मूळचा पूर्व कॅनडा व ईशान्य अमेरिकेतील. चुन्याचा अंश असलेले भूजल जेथे संथ वाहते, अशा दलदलीत त्याची दाट वने असतात. हिवाळ्यात हरणांना तेथे आसरा व चारा मिळतो. मात्र हरणे फार वाढली, की कोवळी रोपे टिकत नाहीत. रस्त्याच्या भरावाने पाण्याचा प्रवाह अडल्यास उभे वनही मरते.

तेथील अनिशिनाबे लोक या वृक्षास पवित्र औषधी मानतात. सहजी न कुजणाऱ्या त्याच्या लाकडापासून ते होड्यांच्या फासळ्या घडवीत. १५३५-३६ च्या हिवाळ्यात झाक कार्तिए या फ्रेंच दर्यावर्दीचे खलाशी आजच्या क्वेबेकजवळ स्कर्व्हीने मरू लागले, तेव्हा स्थानिकांनी दाखविलेल्या एका वृक्षाच्या साल-पानांच्या काढ्याने उरलेले वाचले. तो वृक्ष हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते तो अन्य सूचिपर्णी असावा. ‘जीवनवृक्ष’ हे नाव या कथेशी जोडले जाते.

परंतु याच्या तेलातील थुजोन हे द्रव्य अधिक मात्रेत आक्षेपजनक आहे. गर्भिणी व अपस्माराच्या रुग्णांत ते सर्वथा वर्ज्य मानावे. होमिओपॅथीतील अतिसूक्ष्म मात्रेचे उदाहरण देऊन पानांचे चूर्ण वा अर्क पोटात देणे योग्य नव्हे.

दुसरा धोका नामसाधर्म्याचा. आपल्या बागांतील मोरपंखी ही पूर्वी थुजा ओरिएंटॅलिस म्हणून ओळखली जाई. आता तिचे नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस असे आहे. तिच्या फांद्यांचे पंखे उभे, फळांच्या खवल्यांवर आकड्यासारखी टोके व बिया पंखहीन असतात. खऱ्या थुजाच्या फांद्या आडव्या पसरट, फळे लहान लांबट व बिया सपक्ष असतात. तालीसपत्राऐवजी विषारी टॅक्सस येण्याचा प्रकार आपणांस परिचित आहेच.

म्हणून औषधनिर्मात्यांनी माल घेताना केवळ ‘थुजा’ या शब्दावर न थांबता पूर्ण शास्त्रीय नाव व फळांसह नमुना मागावा; वैद्यांनीही अपरीक्षित द्रव्यावर गुणवीर्य आरोपित करू नये, अशी आमची विनंती आहे.