पॅकेट हरवलं? परत धाड!

मुंबई विद्यापीठाची हद्द थेट सिंधुदुर्गापर्यंत येते. त्यामुळे मालवण-कुडाळकडच्या आयटीच्या मुलांसमोरही नेटवर्किंगची तीच जाडजूड पुस्तकं, फोरोझान आणि टॅनेनबॉम, असतात, जी चर्चगेटच्या मुलांसमोर. पानं कितीही असोत, पाया एवढाच: निरोपाचं पॅकेट वाटेत हरवणारच, तेव्हा पोच मागा आणि पोच आली नाही तर परत धाडा. हे शिकायला समुद्रकाठ उत्तम, कारण या विषयातला एक मोठा धडा बेटांवरच तयार झालाय.

प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन सर्फिंगच्या ओढीने हवाईला गेले. विद्यापीठाचा मोठा संगणक एका बेटावर, बाकीची केंद्रं दुसऱ्या बेटांवर आणि मध्ये पॅसिफिक. १९७१ मध्ये त्यांनी ही बेटं रेडिओने जोडली. नाव अलोहानेट. नियम असा की मनात आलं की पाठवा. दोघांचे निरोप एकदम निघाले तर दोन्ही फुकट. मग प्रत्येकाने वाटेल तेवढं थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं. ट्रॉलरवरच्या व्हीएचएफ सेटवर दोन तांडेलांनी एकाच चॅनलवर एकदम बटण दाबलं की तिसऱ्याला नुसती खरखर ऐकू येते. टक्कर म्हणतात ती हीच. अलोहाच्या पद्धतीत वाहिनीची फार तर १८.४ टक्के क्षमता कामी येते. पाठवायच्या वेळा आखून दिल्या की तीच बरोबर दुप्पट होते, ३६.८ टक्के. हे दोन आकडे पाठच करून ठेवा! पुढे १९७३ मध्ये बॉब मेटकाफ यांनी यावरूनच इथरनेट सुचवलं. त्यात सुधारणा अशी, की आधी कान द्या, वाहिनी मोकळी असेल तरच बोला.

पिंगही समुद्राकडूनच आलं. माइक म्युस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये साधारण हजार ओळींचा हा प्रोग्राम एकाच संध्याकाळी लिहिला. कॉलेजात सोनारवर केलेलं काम त्यांच्या डोक्यात होतं. होडीवरचा फिश फाइंडर आवाज खाली सोडतो, तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि खोली सांगतो. पिंग दूरच्या मशीनशी तेच करतं. लॅबमध्ये करून बघा. उत्तराच्या ओळीत ‘टीटीएल’चा आकडा येतो, समजा ५४. लिनक्स मशीन बहुधा ६४ पासून सुरुवात करतं, विंडोज १२८ पासून आणि वाटेतला प्रत्येक राउटर एक-एक कमी करत जातो. म्हणजे समोर बहुतेक लिनक्स आहे आणि उत्तर दहा राउटर ओलांडून आलंय. एका आकड्यात केवढी बातमी! हाच आकडा शून्यावर आला की पॅकेट तिथेच टाकून देतात, नाहीतर वाट चुकलेली पॅकेटं जगभर फिरतच राहिली असती.

पॅकेट कशावरूनही जाऊ शकतं, अगदी कबुतरावरूनही. १ एप्रिल १९९० ला कबुतरांवरून इंटरनेट कसं चालवावं याचं नियमपत्रक थाटात प्रसिद्ध झालं होतं. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या हौशी मंडळींनी ते खरं करून दाखवलं. नऊ पॅकेटं धाडली, चारांची उत्तरं आली. सगळ्यात चपळ उत्तराला पाऊण तासाहून जास्त वेळ लागला.

याउलट काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते मालवण पाचशेच्या आसपास, म्हणजे जेमतेम अडीच मिलिसेकंद. दादरहून मध्यरात्री सुटलेल्या तुतारी एक्स्प्रेसला कुडाळ गाठेपर्यंत सकाळ होते. मुंबईला समुद्राखालची तारही जुनीच. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबई-एडन टेलिग्राफ केबल टाकली. आज वर्सोव्याला येणाऱ्या केबल फायबरच्या आहेत, पण धोका तोच: बहुतेक केबल तुटतात त्या नांगर आणि मासेमारीच्या जाळ्यांमुळे. जानेवारी २००८ अखेर इजिप्तजवळ केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं.

केबल तुटली तरी मशीन स्वतःशी बोलू शकतं. त्यासाठी १२७ ने सुरू होणारे सगळे आयपी पत्ते राखून ठेवलेत. ते आहेत १ कोटी ६७ लाखांहून जास्त. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या घरात, म्हणजे माणशी एकोणीस पत्ते वाटूनही उरतील!

नेटवर्कच्या ओएसआय मॉडेलचे सात थर तळापासून वर लक्षात राहत नाहीत? फणस, डाळ, नारळ, टाकळा, सुरमई, पापलेट, आंबा. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, अ‍ॅप्लिकेशन.

यातला फणस, म्हणजे फिजिकल थर, इथल्या मुलांइतका कोणालाच कळत नसेल. डोंगर आड आला की मोबाइलच्या लहरी दरीतल्या वाडीत पोचत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी उभारून ऑनलाइन तास केले. त्या जिद्दीला मनापासून सलाम. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि वीज गेली, टॉवरही बंद पडले.

लहरी अशा दगा देतात, म्हणून केबलला कनेक्टर बसवायचं, म्हणजे क्रिम्पिंगचं, प्रॅक्टिकल मन लावून करा. तारांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी निळ्याच्या दोन्ही बाजूंना फाकते, इथेच बरेच जण फसतात. हिरवे दोन शेजारी-शेजारी लावले, तेही दोन्ही टोकांना सारखेच, तर साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात आणि लांब केबलवर नेट मात्र अडखळत राहतं, कारण पिळातल्या जोड्या मोडून एकीचा सिग्नल दुसरीत शिरतो. पिळाची ही युक्ती ग्रॅहम बेल यांची, १८८१ च्या पेटंटमधली. आणि कनेक्टर घेताना सोन्याचा मुलामा चांगला असलेलाच घ्या. खारा वारा हलक्या पिना लवकर खातो.