विमान-अंतराळाचे शिक्षण : पालकांच्या प्रश्नाला उत्तर

गौलीगुड्याच्या जुन्या बसस्थानकाचा कमानीसारखा पत्र्याचा मांडव आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. निजामाच्या काळात, १९३०च्या सुमारास, तो मुळात विमाने ठेवण्यासाठी उभारला होता. पुढे १९३२ साली तेथे बसगाड्या आल्या आणि जुलै २०१८मध्ये तो कोसळला. विमानांचा आपल्या मोहल्ल्याशी संबंध आला तो एवढाच. पण आता दहावीच्या पालकसभेत आम्हांला हमखास प्रश्न येतो, "मुलीला रॉकेट इंजिनिअर व्हायचे आहे, कुठे घालावे?" आणि कॉलेजच्या पाटीवर 'एअरोस्पेस' दिसले की, कर्ज काढूनही प्रवेश घेण्याची घाई होते. म्हणून हा खुलासा.

या शाखेत प्रथम भरपूर गणित व भौतिकशास्त्र असते. मग पंखावरून हवा कशी वाहते, हलका सांगाडा किती ताण सोसतो, इंजिन कसे ढकलते व यान दिशा कशी राखते, हे चार मुख्य विषय. अंतराळयानाला मात्र हवा नाही, त्यामुळे पंख निरुपयोगी आणि अडचणी वेगळ्या.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (सीओईपी) विद्यार्थ्यांचा 'स्वयं' उपग्रह पाहा. दहा सेंटीमीटर बाजूचा ठोकळा, वजन जेमतेम एक किलो. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ने तो श्रीहरिकोट्याहून नेला. एवढ्या लहान डब्यात दिशा राखणारी यंत्रे कुठे मावणार? मुलांनी आत लोहचुंबक बसवला. होकायंत्राची सुई जशी वळते, तसा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळतो आणि त्यासाठी वीज लागत नाही. त्याचे डोलणे थांबवायला खास धातूच्या पट्ट्या. सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा, त्यात उन्हाचा चटका आणि सावलीची थंडी आलटून पालटून; उष्णता वाहून न्यायला हवाही नाही. हे सारे आधी जमिनीवर तपासावे लागते. काम २००८च्या सुमारास सुरू झाले, म्हणजे सुरुवात करणारी मुले उड्डाणाआधी केव्हाच पदवीधर होऊन बाहेर पडली होती. वही नीट ठेवून पुढच्या तुकडीला काम सोपवणे हीदेखील अभियांत्रिकीच. आम्हांला तर हा भाग सर्वांत कठीण वाटतो.

आणि या कॉलेजात तेव्हा एअरोस्पेसची शाखाच नव्हती!

हे अपवादाने झाले असेही नाही. अग्निबाणांच्या घन इंधनावर काम करणारे वसंत गोवारीकर रसायन अभियंते होते, तर प्रमोद काळे भौतिकशास्त्राचे. दोघेही तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. आपल्या शहरातील स्कायरूट कंपनीने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी 'विक्रम-एस' उडवले. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक यांत्रिकीचे, दुसरे विद्युत शाखेचे. इस्रोची अभियंत्यांची मोठी भरतीही यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स व संगणक या शाखांतूनच होते. कंचनबागेतल्या मिधानीत विशेष मिश्रधातू बनतात. तेथे धातुशास्त्र लागते.

मग एअरोस्पेस घेऊच नये काय? घ्यावे, चांगल्या ठिकाणी मिळाले तर जरूर घ्यावे. तिरुवनंतपुरमची आयआयएसटी (स्थापना २००७), आयआयटी मुंबई, कंदीची आयआयटी हैदराबाद येथे हा विषय आहे; वाट जेईई ॲडव्हान्स्डची. ते जमले नाही तर नुसत्या नावासाठी सामान्य कॉलेजात कर्जाचे पैसे ओतण्यापेक्षा चांगल्या कॉलेजातील यांत्रिकी वा इलेक्ट्रॉनिक्स बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कॉलेज पाहायला गेलात तर पवनबोगदा दाखवा म्हणावे, आणि तो शेवटचा कधी चालवला हे तेथल्या मुलांना विचारावे, कार्यालयात नव्हे.

विश्वस्त मंडळाकडे आम्ही विज्ञानखोलीसाठी सहा सोल्डरिंग इस्त्र्या व चार मल्टिमीटर मागितले आहेत. घरी बंद पडलेला रेडिओ असेल तर भंगारात देऊ नये, मुलांबरोबर शाळेत पाठवावा.