थुकरटवाडीचा निरोप

दूरचित्रवाणीवरील एखादी मालिका बंद पडली म्हणून कोणी शोकसभा भरवीत नाही आणि भरवूही नये. करमणुकीचा कार्यक्रम सुरू होतो, लोकांना आवडतो, कालांतराने शिळा होतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. हा व्यवहारच आहे. परंतु काही कार्यक्रम असे असतात की, ते बंद पडल्यावर घरातली एक वेळ रिकामी होते आणि आपण नेमके काय गमावले याचा हिशेब मांडावासा वाटतो. झी मराठी वाहिनीवरील ‘चला हवा येऊ द्या’ हा अशांपैकी एक होता. 18 ऑगस्ट 2014 रोजी तो सुरू झाला आणि 17 मार्च 2024 रोजी, रविवारी, त्याने प्रेक्षकांचा निरोप घेतला. जुलै 2025 मध्ये त्याच नावाने नवे पर्व आले. निवेदक नवा, मांडणी नवी. नाव परत आले म्हणून जुना निरोप खोटा ठरत नाही. केजसारख्या तालुक्याच्या गावाने त्या दिवशी निरोप दिला तो कशाला, हाच खरा प्रश्न आहे.

विनोदी मालिका मराठी माणसाला अपरिचित नव्हती. मुंबई दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर अवतरले आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी त्या जोडीला चेहरे दिले. पण त्या काळी ते प्रक्षेपण मुंबई-पुण्याच्या परिसरापलीकडे फारसे पोचत नव्हते. आमच्याकडच्या शिक्षकांनी चिमणराव वाचले होते, पाहिले नव्हते. पुढे 2001 ते 2005 या काळात ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वर आधारलेली ही मालिका उपग्रह वाहिनीमुळे खेड्यापाड्यांत दिसली आणि लोकांना हवीहवीशी वाटत असतानाच तिने पडदा पाडला. तीही मनापासून आवडली. तरीपण ते घर शहरातले होते, त्या घरची भाषा शहरी मध्यमवर्गाची होती. आपण त्या घराकडे प्रेमाने पाहत होतो, पण खिडकीबाहेर उभे राहून.

थुकरटवाडीने ती खिडकी ओलांडायला लावली. गाव काल्पनिक, नावही थट्टेचे. परंतु त्या गावातला माणूस ओळखीचा होता. डॉ. निलेश साबळे यांचे निवेदन आणि दिग्दर्शन, भाऊ कदम यांचा बिचारा चेहरा, कुशल बद्रिके यांची धावपळ, श्रेया बुगडे यांच्या नकला, भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी आणि सागर कारंडे यांचा पोस्टमन यांनी मिळून ते गाव वसवले. शाहरुख खान, सलमान खान यांच्यासारखे हिंदी चित्रपटसृष्टीतले तारेही त्या गावात पाहुणे म्हणून आले आणि गावकऱ्यांची थट्टा त्यांना मुकाट्याने सोसावी लागली. आमच्या भागातला मुलगा पुण्याला शिकायला गेला की पहिल्या महिन्यात आपली बोली गिळून टाकतो. मुंबईच्या कचेरीत बदलून गेलेला कारकून हेल लपवून बोलतो. मराठवाड्याच्या मातीतले मकरंद अनासपुरे यांनी चित्रपटांतून ही लाज पुष्कळशी घालवली होती. थुकरटवाडीने ते काम घरोघरी, दर आठवड्याला केले. ग्रामीण उच्चार हा हसण्याचा विषय होता. पण हसणाराही ग्रामीणच होता, आणि या एका फरकाने सारा अर्थ बदलतो.

या कार्यक्रमाची पहिली वर्षे कोणती होती हे आपण विसरता कामा नये. 2014 आणि 2015 ही मराठवाड्यात लागोपाठच्या दुष्काळाची वर्षे. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण, ज्यावर केज, अंबाजोगाई आणि लातूरची तहान भागते, ते कोरडे पडले. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. घागरीच्या रांगेत दिवस घालवलेले घर रात्री त्या पडद्यासमोर बसत होते. हसण्याने घागर भरत नाही, हे त्या घरालाही ठाऊक होते. परंतु दुःखाच्या काळात एकत्र हसणे ही चैन नसते. तो तग धरण्याचा एक मार्ग असतो.

आणि कार्यक्रमाने केवळ हसवलेही नाही. हास्याचा कल्लोळ चालू असताना पोस्टमन येई, पिशवीतून पत्र काढी आणि वाचू लागे. ती पत्रे लेखक अरविंद जगताप यांची. जी दुःखे गावोगावच्या घरांत असतात आणि अग्रलेखांतून केवळ आकडे होऊन येतात, त्यांना त्या पत्रांत माणसाचा आवाज मिळाला. विनोदी कार्यक्रमात प्रेक्षकांना रडवण्याचे धाडस करणे सोपे नव्हे. ती पत्रे पुढे पुस्तकरूपाने आली, यातच त्यांचे मोल दिसते.

स्तुती करताना दोष झाकणे हे निरोपाच्या भाषणाला शोभत असेल. लेखाला शोभत नाही. पुरुषांना साड्या नेसवून हशा मिळवण्याची सवय या कार्यक्रमाला फार लागली. कोणाच्या जाडीवर, रंगावर, दातांवर कोट्या होत आणि त्यांवर टाळ्याही पडत. उत्तरोत्तर नव्या चित्रपटांची जाहिरात हेच भागांचे प्रयोजन होऊन बसले. नऊ वर्षे दर आठवड्याला हसवायचे म्हटल्यावर लेखणी थकते, नटही थकतात. सागर कारंडे आधीच बाहेर पडले होते. अखेरीस साबळेही दूर झाले. टिपऱ्यांना जे वेळेवर थांबणे साधले ते थुकरटवाडीला साधले नाही, असेच म्हणावे लागेल.

मग हळहळ कशाची? माझ्या मते ती वेळेची आहे. रात्री ठरावीक वेळी आजोबा, सून, दहावीतला मुलगा आणि शेजारची म्हातारी एका पडद्यासमोर बसत आणि एकाच क्षणी हसत, ती ही वेळ. केज तालुक्यात या वेळेला आणखी एक अर्थ होता. दसरा-दिवाळीनंतर इथले हजारो संसार ‘कोयता’ होऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या फडांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. अशा अर्ध्या रिकाम्या घरात दूरचित्रवाणीवरचे गाव हेच बोलके गाव असते. 17 मार्च 2024 रोजी अखेरचा भाग झाला तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती आणि पुष्कळ कोयते अजून फडावरच होते. ज्यांच्या बोलीने हा कार्यक्रम उभा राहिला, त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाट्याला हा निरोपही समक्ष आला नाही.

कोणी म्हणेल, ते भाग आता भ्रमणध्वनीवर केव्हाही पाहता येतात. फडावरच्या पालातही पाहता येतात. हे खरे आहे. पण तिथे प्रत्येक जण आपापल्या पडद्यावर, आपापल्या वेळी, एकटा हसतो. बापाला कशाचे हसू आले हे मुलाला कळत नाही. त्याहून चिंतेची गोष्ट अशी की, ते यंत्र प्रत्येकाला त्याच्या आवडीचे आणि त्याच्या रागाचेच दाखवते. एकाच्या पडद्यावर जे चालू असते त्याची दुसऱ्याला वार्ताही नसते.

हे लिहिताना केजच्या अलीकडच्या दिवसांकडे डोळेझाक करता येत नाही. 9 डिसेंबर 2024 रोजी या तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची अपहरण करून निर्घृण हत्या झाली आणि केजचे नाव देशभर पोचले ते अशा कारणाने. आरक्षणाच्या वादाने आणि निवडणुकीने आधीच दुभंगलेली मने आणखी दुरावली. 2025 साली बीड जिल्ह्याच्या पोलीस दलात छातीवरच्या पट्टीवरून आडनाव काढून केवळ नाव ठेवण्यात आले. पोलिसाचे आडनाव वाचून त्याच्या न्यायबुद्धीविषयी अंदाज बांधले जाऊ लागले, तेव्हा ही पाळी आली. एक विनोदी कार्यक्रम चालू राहिला असता तर हे टळले असते, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. परंतु पत्र वाचणाऱ्या त्या पोस्टमनचे आडनाव नऊ वर्षांत आपण कोणी विचारले नाही, ही गोष्ट आठवून ठेवण्यासारखी आहे. तो कोणत्या जातीचा हे न विचारता सगळ्यांचे डोळे पाणावत होते. म्हणजे ती शक्ती आपल्यात होती. अजूनही असली पाहिजे.

ती काही वाहिनीने आणलेली नव्हती. याच मराठवाड्यातल्या पैठणच्या एकनाथांनी चार शतकांपूर्वी भारुडांतून नाना जातींची, नाना धंद्यांची सोंगे घेतली. दुसऱ्याचे सोंग घेण्यासाठी त्याच्या आवाजात बोलावे लागते आणि त्याच्या आवाजात बोलताना त्याचा द्वेष करणे कठीण जाते. भारुडातला वेषधारी, वगातला सोंगाड्या आणि थुकरटवाडीतला नट हे एकाच घराण्याचे आहेत. हे घराणे मुंबईच्या कलागृहात बंद पडले तरी गावात बंद पडण्याचे कारण नाही.

म्हणून हा निरोप देताना शिक्षकांकडे एक मागणे आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात चित्रपटगीतांवरच्या नाचांच्या जोडीला अर्धा तास मुलांनी लिहिलेल्या प्रहसनाला द्यावा. त्यात गुरुजींची, ग्रामसेवकाची, मुकादमाची मनमोकळी थट्टा होऊ द्यावी. मात्र ती कोणाच्या रंगावर, अंगावर वा जातीवर नसावी. एका मुलाने पोस्टमन व्हावे आणि फडावर गेलेल्या आईबापांना लिहिलेले पत्र मोठ्याने वाचावे. श्रोत्यांत सर्व आळ्यांची माणसे शेजारी शेजारी बसलेली असावीत.

‘हसताय ना?’ असे साबळे विचारीत आणि ‘हसायलाच पाहिजे’ असे उत्तरही स्वतःच देत. तो प्रश्न विचारणारा आता दुसरीकडे गेला आहे. केजमध्ये तो आपण एकमेकांना विचारला पाहिजे, आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याजवळ बसून राहिले पाहिजे.